समुद्राकडे पाठ केलेली घरं

डिसेंबरातला शनिवार. गेटवेवरून सुटलेली बोट पाऊण-एक तासात मांडव्याच्या जेट्टीला लागते. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत असतो आणि हवेत जरा गारवा असतो. बोटीतून उतरणाऱ्यांत तीन तऱ्हेची माणसं दिसतात. काही शनिवार-रविवारपुरती आपल्या बंगल्यावर येणारी, काही मुंबईतली कामं उरकून गावी परतणारी आणि काही प्लॉट बघायला आलेली. या तिसऱ्यांसाठी जेट्टीबाहेर एजंटची गाडी उभी असते. दुपारपर्यंत चार जागा बघून होतात, चौथीवर शहाळं मिळतं आणि संध्याकाळच्या बोटीत नवरा-बायको टोकन किती द्यायचं याचा हिशेब करत बसतात.

हाच प्लॉट जुलैत बघायला सहसा कोणी येत नाही. मे संपता संपता गेटवे-मांडवा बोटी बंद होतात, त्या सप्टेंबर उजाडेपर्यंत. म्हणजे जे घर बोटीच्या सोयीवर विकलं जातं, त्याची बोट वर्षातले तीन महिने नसते. अलिबाग परिसरात घर घेणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला इथूनच सुरुवात केलेली बरी.

नकाशावर अलिबाग तालुका जवळजवळ पाण्यानेच वेढलेला दिसतो. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तर-पूर्वेला धरमतरची खाडी, दक्षिणेला रेवदंड्याजवळ कुंडलिकेचं मुख. रेवस, मांडवा, सासवणे, आवास, किहीम, नवगाव, थळ, वरसोली, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावांची माळ किनाऱ्याने खाली उतरत जाते. मुंबईहून पनवेल-पेण-वडखळ मार्गे रस्त्याने शंभरेक किलोमीटर, तर गेटवेहून मांडव्याचं सागरी अंतर वीस किलोमीटरच्या आत. म्हणूनच इथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला बोटीनेच गेला. थळसमोर खांदेरी-उंदेरी, अलिबागसमोर कुलाबा किल्ला. कान्होजी आंग्रे यांचं आरमार याच पाण्यात वावरलं. आज इथे कोळ्यांच्या होड्या आहेत, प्रवासी कॅटामरान आहेत आणि श्रीमंतांच्या स्पीडबोटीही आहेत, पण तिघांनाही एकच पंचांग पाळावं लागतं.

त्या पंचांगात पावसाळ्याचं पान जाड शाईने लिहिलेलं आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि कोळीवाड्यात समुद्र उघडतो तो नारळी पौर्णिमेला, नारळ वाहून झाल्यावर. ही शिस्त मोडण्याची किंमत या किनाऱ्याने मोजली आहे. 17 जुलै 1947 ला, आषाढी अमावस्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबई बंदराच्या तोंडाशी लाटांनी कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ही गोष्ट अजून सांगितली जाते. नव्याने राहायला आलेल्याला ‘आज बोट नाही’ हे वाक्य गैरसोयीचं वाटतं. गावातल्या म्हाताऱ्यांना ते तसं वाटत नाही, ते या आठवणीमुळे.

मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. गाडीसकट माणूस तासाभरात पलीकडे उतरू लागला आणि हवामान साथ देईल तेव्हा ही मोठी बोट पावसाळ्यातही चालते. 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाल्यावर रस्त्याचा प्रवासही आखडला. दोन्हींचा परिणाम जमिनीच्या भावावर झाला. पूर्वी आठवड्यातून एकदा येणारी माणसं आता इथे राहूनच काम करता येईल का, हे विचारू लागली आहेत.

आता जरा आवास किंवा नागावसारख्या जुन्या गावातून पायी फिरून यावं. गावाचा रस्ता समुद्राला समांतर जातो. रस्त्याच्या कडेला घर, घराला ओटी, पुढे अंगण. घराच्या मागे विहीर आणि नारळी-पोफळीची वाडी. वाडी संपली की केवड्याचं किंवा सुरूचं बन, मग पुळण आणि मग पाणी. म्हणजे जुन्या घराचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. समुद्राचा आवाज रात्री झोपताना ऐकू येतो, पण खिडकीतून समुद्र दिसत नाही. आजच्या जाहिरातीत ज्याला सगळ्यात जास्त किंमत आहे तो ‘सी व्ह्यू’ इथल्या बांधणाऱ्यांनी कधी मागितलाच नव्हता.

त्यांची नजर पाणी कुठवर येतं यावर होती. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे चक्र पंधरवड्याचं. वेळ काढायचा जुना ठोकताळा तोंडपाठ असतो, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, त्याचंच हे सोपं गणित. घड्याळाशी पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन पाणी भरायच्या आत परत यायला एवढा अंदाज पुरतो. आषाढ-श्रावणातलं उधाण आणि नैऋत्येचा वारा एकत्र आले की लाटा पुळण ओलांडून सुरूच्या मुळाशी पोचतात. झीज होते ती तिथे. वाडी मधे असल्याने घर वाचतं.

वाडीचं दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. ती मीठ अडवते.

लाट फुटते तेव्हा उडणारे बारीक तुषार हवेत सुकतात आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर आत येतात. झाडांच्या दाट पडद्यावर त्यातले बरेच कण बसतात. पडदा नसेल तर ते भिंतीवर, गजांवर, एसीच्या बाहेरच्या यंत्रावर बसतात. काँक्रीटमधली सळई एरवी सुरक्षित असते, कारण सिमेंटच्या अल्कधर्मी आवरणात तिच्यावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. मिठातले क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून हळूहळू झिरपत सळईपर्यंत पोचलं की तो थर मोडतो आणि गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून ढकलतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत भेग जाते, भेगेतून आणखी खारी हवा शिरते आणि एक दिवस स्लॅबचा पोपडा खाली येतो. दहा-बारा वर्षांच्या, वरून झकास रंगवलेल्या बंगल्याच्या गच्चीखाली तपकिरी ओघळ दिसले तर रंगाचा विचार सोडून सळईचा करावा.

भारतीय मानक 456 (सन 2000) याबाबत स्पष्ट आहे. किनारी हवेतल्या बांधकामाला ते ‘तीव्र’ गटात टाकतं. त्यासाठी किमान एम-30 दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचं आवरण हवं. लाटेचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम-35 आणि 50 मिलिमीटर. शहरातल्या आतल्या भिंतींना वीस मिलिमीटर चालतं, तेवढंच इथे घातलं तर सळईच्या आणि मिठाच्या मधे अंगठ्याएवढंही अंतर उरत नाही. वाळू खाडीची किंवा समुद्राची तर नाही ना, हेही विचारावं लागतं, नाहीतर मीठ पहिल्याच दिवशी काँक्रीटमध्ये कालवलं जातं. कठडे, बिजागऱ्या, स्क्रू यांना 316 दर्जाचं स्टेनलेस स्टील लागतं. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठापुढे नेहमीच्या 304 पेक्षा जास्त टिकतं. जुन्या घरांना ही चिंता नव्हती. दगड, चुना, साग आणि उतरतं कौलारू छप्पर यांत गंजण्यासारखं होतंच किती?

पाण्याचं गणित याहून नाजूक. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये टँकर फिरताना दिसतात. किनाऱ्याच्या वाळूत मुरलेलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. या फरकातून एक हिशेब निघतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला डच आणि जर्मन अभियंत्यांनी तो मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उलट वाचलं की धोका कळतो. पंप लावून वरची पातळी एक मीटरने उतरवली, तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहतं. अलिबागच्या जमिनीखाली काळा कातळ आहे, त्यामुळे प्रत्यक्षात भेगांप्रमाणे आकडे बदलतात, पण दिशा तीच राहते.

जुन्या वाडीतली विहीर उथळ असायची आणि रहाट हळू चालायचा. बैल दमला की उपसा थांबायचा आणि विहिरीला झरे भरून घ्यायला वेळ मिळायचा. बोअरवेलचा पाणबुडी पंप दमत नाही. शेजारच्या चार बंगल्यांत पोहण्याचे तलाव आहेत आणि चारही शनिवारी भरले जातात, तिथे विहीर मचूळ व्हायला फार वर्षं लागत नाहीत. म्हणून जागा बघताना पाण्याची चव मे महिन्यात घ्यावी, डिसेंबरात नाही. छपरावरचं पाणी गाळून विहिरीत सोडण्याची सोय आहे का, तेही बघावं.

जमीन, भिंत आणि पाणी पसंत पडलं तरी कागद राहतो. कोकणात कागद हा स्वतंत्र विषय आहे.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मध्ये ही अट आहे. नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते किंवा बिगरशेती, म्हणजे एनए झालेला प्लॉट शोधावा लागतो. परदेशस्थ मराठी माणसाला गावाकडे वाडी हवीशी वाटते, पण परकीय चलनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली गोष्ट वेगळी. सातबाऱ्यावर तिसऱ्याचंच नाव चढवून ‘नंतर बघू’ म्हणणारे भेटतात. अशा व्यवहारात जमीन ज्याच्या नावावर आहे त्याचीच असते.

सातबारा नीट वाचायचा तर अलिबागचा इतिहास थोडा माहीत असावा लागतो. याच तालुक्यातल्या चरी गावी 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. सहा वर्षं त्यांनी खोतांची जमीन कसली नाही. जंगलातला लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना साथ दिली आणि 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. पुढे कूळकायदा आला, खोती रद्द झाली. त्या लढ्याची खूण आजही सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दिसते. कुळाचं नाव असेल, किंवा जमीन ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल, तर परवानगीशिवाय ती विकता येत नाही. खरेदीखतावर सह्या झाल्या तरी व्यवहार अडकतो.

दुसरी अडचण वारसांची. एका वाडीला पणजोबांपासूनचे वीस-बावीस हिस्सेदार असतात. एक गिरगावात, दोघं डोंबिवलीत, एक दुबईत आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या निराळ्या. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क आहे. एका आत्याची सही राहिली तरी दावा उभा राहतो. म्हणून सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि किमान तीस वर्षांचा शोध अहवाल, एवढं वकिलाकडून तपासून घेण्याची पद्धत आहे. त्यानंतर भूमी अभिलेखची सरकारी मोजणी. कुंपण जिथे आहे तिथेच हद्द असते असं नाही. रस्त्याचंही तसंच. एजंटची गाडी ज्या वाटेने आत आली ती वाट कागदावर आहे की शेजाऱ्याच्या भलेपणावर, हे शेजाऱ्यालाच विचारावं. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगच्या योजनेला महारेराची नोंदणी लागते. ती आहे का, हे घरबसल्या बघता येतं.

शेवटची रेषा समुद्राने आखलेली आहे. सीआरझेड, म्हणजे किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 ची. पुढे 2011 आणि 2019 मध्ये ती नव्याने निघाली. भरतीरेषेपासून आत पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले दोनशे मीटर ना-विकास क्षेत्र. 2019 च्या नियमांत दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं असलेल्या भागात, ही मर्यादा पन्नास मीटरवर आली. ना-विकास पट्ट्यात अस्तित्वातलं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, नवा बंगला बांधता येत नाही. त्याच्या आतल्या बाजूला घर तळमजला अधिक एक आणि नऊ मीटर उंचीत बसवावं लागतं. मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचं अंतर सोडावं लागतं. ‘सगळ्यांनीच बांधलंय’ हा बचाव किती टिकतो, ते 8 मार्च 2019 ला किहीमने पाहिलं. नियम मोडून किनाऱ्याला लागून बांधलेला हिरे व्यापारी नीरव मोदी याचा आलिशान बंगला जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून जमीनदोस्त केला.

आता जुन्या गावाची मांडणी परत आठवावी. पुळण, बन, वाडी, मग घर. कायद्याने मीटरमध्ये जे लिहिलं, ते इथल्या आजा-पणजांनी झाडं लावून आखलं होतं.

तालुक्याच्या पूर्वेकडे, धरमतरच्या बाजूला, चित्र वेगळं. हा खारेपाट. खाडीला बांध घालून मिळवलेली भातजमीन, तिला उघाड्या. ओहोटीला उघाडी उघडते आणि पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला मिटते आणि खारं पाणी बाहेरच राहतं. जिताड्याची तळी याच भागात. इथे प्लॉट स्वस्त असतात आणि उन्हाळ्यात जमीन खणखणीत कोरडी दिसते. पण ती भरतीच्या पातळीच्या खाली असू शकते. बांधाला खांड पडली की उधाणाचं पाणी भातात, मग अंगणात. बांध सांभाळणं पूर्वी गावकीचं काम होतं. आता माणसं नोकरीला बाहेर गेली आणि जागोजागी बांध पडीक झाले. इथे घर घेणाऱ्याने प्लॉटबरोबर बांधही बघून यावा.

राहायला आल्यावर काय, हे 3 जून 2020 ने शिकवलं. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाच्या वाऱ्याने पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, मुरूड-श्रीवर्धनकडच्या वाड्यांत नारळी-पोफळी झोपल्या. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. लॉकडाऊनमुळे बंगल्यांचे मालक मुंबईत अडकलेले. त्यांच्या घरांवर ताडपत्री टाकली, पडलेली झाडं तोडून वाट मोकळी केली ती शेजारच्या गावकऱ्यांनी. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. इथे घर बांधणारा आता छपराचे हुक आणि इन्व्हर्टरची क्षमता आधी विचारतो, फरशी नंतर.

बाकी अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण आहे. जिल्हा रुग्णालय, न्यायालय, बाजार, एसटी सगळं हाताशी. भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदा उन्हाळ्यात वेण्या बांधून रस्त्याकडेला विकायला येतो. सासवण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर-संग्रहालय आहे. सोमवारी सकाळी बंगल्यांची फाटकं बंद होतात आणि गाव पुन्हा गावाच्या ताब्यात येतं. शांतता हवी म्हणून आलेल्या कुणाकुणाला तो सोमवार खायला उठतो.

1930 मध्ये एक जोडपं असंच मुंबई सोडून किहीमला राहायला आलं. पक्षितज्ज्ञ सालिम अली जर्मनीतलं शिक्षण संपवून परतले तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची गाइड-लेक्चररची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. ते आणि पत्नी तहमीना समुद्राजवळच्या लहानशा घरात राहू लागले. जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. मराठी नाव सुगरण असलं तरी विणकाम सगळं नराचं. सालिम अलींनी रोज निरीक्षण करून लिहून ठेवलं की नर अर्ध्यापर्यंत घरटं विणतो आणि थांबतो. मग मादी येते, आत शिरते, बसून बघते, काड्या ओढून बघते. पटलं तर ती राहते आणि नर खालची नळी विणून घर पुरं करतो. नाही पटलं तर अर्धं घरटं तसंच वाऱ्यावर लोंबत राहतं. किहीममधली ही घरांची पाहणी जून ते सप्टेंबर, भर पावसात चालते.